लेग एक्स्टेन्शन मशीन घ्यायचंय, बसून काय काय तपासू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमची छोटी व्यायामशाळा आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि बायको चालवतो. पहाटे पोलीस भरतीची पोरं, दुपारी बायकांची बॅच, संध्याकाळी सगळेच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाला ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं. बार, डंबेल्स, प्लेटी घासूनपुसून परत वापरात आल्या. लेग एक्स्टेन्शनचं मशीनही (बसून नडगीने वजन ढकलत गुडघा सरळ करायचं) वाचवायचंच असा मी हट्ट धरला. गाद्यांच्या आतलं प्लायवूड फुगलं होतं, ते बदललं. नवा फोम, नवं रेक्झिन, बेअरिंगं नवी. केबल मात्र जुनीच ठेवली. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, वरचं प्लास्टिक शाबूत आहे, काही होत नाही. मीही मान डोलावली.

दोन वर्षांनी एका पोराचा सेट चालू असताना तीच केबल तुटली. वजन खाली आदळलं, पायावरचा भार एकदम गेला आणि गुडघा झटक्यात सरळ झाला. मोठी इजा झाली नाही, पण पोरगा पंधरा दिवस लंगडत होता आणि त्याची मैदानी चाचणी तोंडावर आली होती. रात्री त्या केबलचं प्लास्टिक ब्लेडने सोललं. आत तार अशी नव्हतीच, लाल भुगा होता. बोटांना लागला.

आता व्यायामशाळा पहिल्या मजल्यावर हलवली आहे आणि नवं मशीन घ्यायचंय. सत्तर हजारांपर्यंत जाऊ शकतो. आमच्याकडे १८ ते ७० वयाची माणसं येतात, उंची ४ फूट १० इंचापासून ६ फूट १ इंचापर्यंत. दोन कोटेशनं आली आहेत, एक ८० किलोच्या स्टॅकचं (एकावर एक रचलेल्या वजनाच्या प्लेटी), एक १०० किलोच्या. विकणारे किलोशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. ज्यांनी हे मशीन रोज हाताळलंय त्यांनी सांगा, आधी काय बघू?

जुनीतालीम
तुमच्या वडिलांना मी ओळखत असणार, गावभागातलाच आहे. त्या पोराचं वाचून वाईट वाटलं. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मांडीसाठी सत्तर हजार कशाला घालायचे? कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांच्या मांड्या आम्ही डोळ्यांनी बघितल्यात. जोर, बैठका, लाल माती, बस्स. एका दमात पाचशे बैठका मारणारी माणसं या गावात होती. तेवढ्या पैशात आखाड्याची माती बदलून होईल, पोरांना वर्षभर खुराक देता येईल.

मिरजफिजिओ
जुनीतालीम काका, बैठकांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. कृष्णाकाठ दादांनी बैठका बंद करून मशीन आणावं असं मीही म्हणणार नाही. पण एक गोष्ट मांडते, कारण ही शंका मला दवाखान्यात बरेचदा विचारली जाते.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू आहेत. तिघांचं काम फक्त गुडघा सरळ करणं. चौथा, रेक्टस फेमोरिस, खुब्याच्या वरून सुरू होतो आणि गुडघ्याच्या वाटीपर्यंत येतो, म्हणजे दोन सांध्यांवरून जातो. बैठकीतून उठताना गुडघा सरळ होतो तसा खुबाही सरळ होतो. एका टोकाला हा स्नायू आखडतो, दुसऱ्या टोकाला ताणला जातो, त्याची एकूण लांबी फारशी बदलतच नाही. म्हणून बैठकांनी बाकीचे तिघे दणकट होतात, हा मागे राहतो. लेग एक्स्टेन्शनमध्ये खुबा जागेवर आणि हलतो फक्त गुडघा, त्यामुळे याला पूर्ण काम मिळतं. पाठ थोडी मागे रेलता आली तर आणखी चांगलं, कारण तो ताणलेल्या अवस्थेतून आखडतो. मशीन बघताना पाठीचा कोन बदलतो का, हे म्हणून बघा.

दुसरं, तुमच्याकडे सत्तरीची माणसं येतात. त्यांतल्या निम्म्यांना बैठक जमणारच नाही. गुडघा दुखतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, त्याने मांडी वाळते आणि मांडी वाळली की गुडघा जास्तच दुखतो. या चक्रातून त्यांना बाहेर काढायला बसून करायचा, मोजूनमापून वाढवता येणारा व्यायाम लागतो.

जुनीतालीम
ताई, दोन सांध्यांचं पटलं. इतकी वर्षं बैठका मारल्या आणि मारून घेतल्या, पण हे कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोला मिरजेत गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एका टेबलावर बसवून पायाला वजन बांधत होते. ते हेच का?

मिरजफिजिओ
हो काका, ते क्वाड्रिसेप्स टेबल. क्वाड्रिसेप्स म्हणजे मांडीचे तेच चार स्नायू. असं वजन लावून पाय सरळ करायच्या उपचाराची गोष्टही सांगते. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून असायचे. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने त्यांच्या पायात लोखंडी बूट घातले, बुटाला वजनं लावली आणि बसून पाय सरळ करायला लावले. वजन ठरावीक हिशेबाने वाढवत नेलं. तोपर्यंत दुखावलेल्या सांध्यावर भार घालायचा नाही असंच मानत. त्याचा लेख १९४५ साली आला. पुढे त्याने पद्धत आटोपशीर केली: एका माणसाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन धरायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. त्याची ही तीन सेटची पद्धत आम्ही आजही शिकतो आणि वापरतो. जिममध्ये बसायचं मशीन बनवण्याचं श्रेय जॅक लालेन यांना देतात, त्यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडला जिम काढली होती.

कुपवाड_वेल्डर
दादा, मी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. जिमची मशीनं बनवून दिलीत आणि दुरुस्तीला आलेली तर लई बघितलीत. तुम्हाला विकायला काही नाही, त्यामुळं मोकळेपणानं सांगतो.

पाईप किमान ३ मिमी जाडीचा घ्या. दुकानात पाईपच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढायला लावा, कड दिसते, मोजता येते. नाही काढू देत म्हटला तर उठून या.

मग मुख्य सांधा. ज्या शाफ्टवर पायाचा दांडा फिरतो तिथं बेअरिंग आहे का नुसता बुश (शाफ्ट ज्यात घासत फिरतो ती नळी), ते विचारा. बुश वाईट नसतो, पण झिजला की दांडा डावी-उजवीकडं डुलतो. नडगीवर टेकतो तो रोलर हातात धरून आडवा हलवून बघा. नव्या मशीनला तिथं खेळ असता कामा नये.

आता कॅम, आणि याकडं सहसा कुणी बघत नाही. शाफ्टला जी चकती असते, जिच्यावर केबल नाहीतर पट्टा गुंडाळला जातो, ती पूर्ण गोल आहे का वाकडी? वाकडी पाहिजे. मांडीची ताकद सगळ्या कोनांत सारखी नसते. गुडघा मधल्या कोनात, साठ-सत्तर अंशांत वाकलेला असतो तेव्हा सगळ्यात जास्त आणि पाय सरळ होत जाईल तशी कमी. चकतीची त्रिज्या मध्ये मोठी आणि शेवटाला लहान ठेवली की मधे भार वाढतो, शेवटाला उतरतो. आर्थर जोन्सनं १९७० च्या सुमारास शंखाच्या आकाराची चकती वापरून मशीनं काढली आणि कंपनीचं नावच नॉटिलस ठेवलं. नॉटिलस म्हणजे समुद्रातला शंखवाला प्राणी.

स्वस्तात मिळतं ते प्लेट लावायचं मशीन. त्यात प्लेटचा दांडा पायाच्याच रेषेत असेल तर हिशेब नेमका उलटा होतो. पाय खाली लोंबतोय तेव्हा भार जवळजवळ शून्य आणि पाय आडवा सरळ झाला की सगळ्यात जास्त. म्हणजे मांडी जिथं कमजोर तिथंच ओझं. म्हणून पोरं शेवटाला झटका मारतात.

हरिपूररोड
मी बॅचला जाते, वय ४६. माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, जिना उतरताना जास्त. आमच्या ट्रेनरने सांगितलं की हे मशीन गुडघ्याची वाट लावतं, अजिबात बसायचं नाही. मैत्रीण रोज बसते आणि तिला बरं वाटतं. कुणाचं ऐकू?

मिरजफिजिओ
हरिपूररोड ताई, तुम्हाला न तपासता औषध सांगणार नाही, पण हे दोघं असं वेगळं का सांगतात ते सांगू शकते. मशीनवर पाय शेवटच्या ४५ अंशांत सरळ होत जातो तेव्हा वाटीच्या सांध्यावर ताण वाढत जातो. बैठकीत उलट, खोल वाकावं तसा वाढतो. म्हणून वाटी दुखणाऱ्यांना आम्ही बरेचदा मशीनवर ९० ते ४५ अंश (९० म्हणजे काटकोनात वाकलेला गुडघा, शून्य म्हणजे सरळ) एवढाच टप्पा देतो आणि बैठक उथळ, खुर्चीत अर्धं बसल्यासारखी. दोन्ही व्यायाम चालू राहतात, वाटीवरचा जाच कमी होतो. यासाठी मशीनला टप्पा अडवणारी पिन हवी. सुरुवात कुठून आणि शेवट कुठे, दोन्ही ठरवता आले पाहिजेत.

लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्यांनी मात्र सर्जन किंवा फिजिओच्या सांगण्याशिवाय या मशीनवर अजिबात बसू नये. पाय शेवटच्या टप्प्यात सरळ होताना नडगीचं हाड पुढे ओढलं जातं आणि नव्या एसीएलवर, म्हणजे गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटवर, ताण येतो. कृष्णाकाठ दादा, प्रवेशाच्या फॉर्मवर हा प्रश्न छापूनच घ्या. कबड्डी आणि कुस्तीच्या पट्ट्यात एसीएलची पोरं कमी नाहीत.

सातारी_धावक
साताऱ्याहून. यवतेश्वरचा घाट पळणारे आम्ही. चढ दमवतो, पण मांडी फोडतो तो उतार. माझा अनुभव एवढाच, वजन वर नेण्यापेक्षा खाली आणण्यावर लक्ष दिल्यापासून उतारावर पाय थरथरायचे थांबले. दोन मोजत वर, क्षणभर थांबून, चार मोजत खाली. प्लेटीचा आवाज आला तर ती वेळ मी मोजत नाही. पूर्वी ५० किलोवर पिन लावून झटके मारायचो, आता ३० वर नीट करतो आणि दहाव्याला डोळ्यांत पाणी येतं.

कुपवाड_वेल्डर
हे किलोचं बोललात ते बरं झालं. स्टॅकवर ४० लिहिलं म्हणून पायावर ४० येत नाही. दांडा किती लांब, चकती केवढी, मधे पुल्या कशा ओवल्यात, त्यावर सगळं ठरतं. एका जिमचे ४० दुसऱ्या जिमला २५ वाटू शकतात. तेव्हा कृष्णाकाठ दादा, ८० का १०० हा प्रश्न सगळ्यात शेवटी. उलट सगळ्यात कमी वजन किती ते विचारा. पहिली प्लेट, तिच्यावरचा पिनेचा ठोकळा आणि दांड्याचं स्वतःचं वजन मिळून म्हातारीच्या पायाला जड होतं. दांड्याला मागून तोल दिलेला असला तर चांगलं. प्लेटी पाच-पाच किलोच्या असतात, त्यात अडीच किलोचं वरून ठेवायचं वजन मागून घ्या. १० वरून १५ म्हणजे एकदम दीडपट होतं, ते वयस्कर माणसाला झेपत नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दोन्ही दुकानांत जाऊन आलो. एकटा गेलो नाही. आईला नेलं, तिची उंची ४ फूट १०, वय ६८. आणि आमच्या बॅचमधला सगळ्यात उंच पोरगा. दुकानदाराला वाटलं आई नुसती सोबत आलीय. तिला मशीनवर बसवतोय म्हटल्यावर म्हणाला, अहो काकूंना कशाला त्रास. आई पाचवारीत होती, आधी संकोचली, मग पदर खोचून बसली.

पहिलं मशीन १०० किलोचं, दिसायला देखणं. पाठ सगळ्यात पुढच्या भोकात आणली तरी आईचा गुडघा गादीच्या कडेपर्यंत येईना. पाठ टेकली की पोटऱ्या गादीवर, पोटऱ्या सोडवल्या की पाठ अधांतरी. रोलर पावलावर येत होता आणि वर सरकवायची सोयच नाही. उंच पोराला ते झकास बसलं. ते मशीन त्याच्याच मापाचं होतं.

दुसरं ८० किलोचं. पाठीला सहा भोकं, रोलर वरखाली सरकतो, सुरुवातीच्या कोनाला पिन. आईची पाठ टेकली, गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहिली. पण नक्की बरोबर बसलीय हे ओळखायचं कसं? मी दुकानातून इथे लिहिणार होतो, पण रेंज नव्हती.

मिरजफिजिओ
वा दादा, काकूंना नेलंत हे फार छान केलंत. ओळखायची पद्धत सोपी आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या किंचित मागे, मांडीच्या हाडाचं टोक बोटाला लागतं. पाय हळू हलवत चाचपलं की त्याच्या आसपास एक जागा अशी सापडते जी हलत नाही, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. तो गुडघ्याचा आस. मशीनच्या शाफ्टचा मध्य बरोबर त्याच्या समोर आला पाहिजे.

दुसरी खूण रोलरची. पाय वर नेताना रोलर नडगीवर एकाच जागी राहिला पाहिजे. तो कातडीवरून वर किंवा खाली घसरत असेल तर दोन आस जुळलेले नाहीत, गुडघा एका वर्तुळात फिरतोय आणि मशीन दुसऱ्या. थोडं घसरणं चालतं, कारण आपला गुडघा काही दाराच्या बिजागरीसारखा एकाच बिंदूभोवती फिरत नाही. पण दोन-तीन बोटं घसरत असेल तर पाठ एक भोक पुढे-मागे करून परत बघा.

रोलर घोट्याच्या जरा वर, पावलाच्या वाकण्याला अडणार नाही असा. वजन उचलताना कंबर गादीवरून उठली तर पिन एक प्लेट वर घ्या, म्हणजे वजन कमी करा. बाजूच्या मुठी आहेत ना, त्या धरून बसायचं.

जुनीतालीम
म्हणजे उंच पोराला पहिलं मशीन बरं आणि तुमच्या आईला दुसरं. दुसऱ्यात पोरगा बसला का?

कृष्णाकाठ
काल परत गेलो, पोराला घेऊन. पाठ शेवटच्या भोकात टाकली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे गुडघ्याच्या आसावर स्केचपेनने ठिपका काढला आणि शाफ्टच्या टोकाला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला. ठिपका लाल पट्टीच्या जरासा पुढे राहतो, रोलर बोटभर घसरतो. तो म्हणाला काही टोचत नाही. पंधरा वेळा हळू करून बघितलं, नंतरही तक्रार नाही.

दुकानदार तोपर्यंत पाघळला होता. स्वतःच बसला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठिपका काढून घेतला. म्हणाला, इतकी मशीनं विकली पण हे कधी बघितलं नव्हतं.

पाईप ३ मिमी भरला. कॅम वाकडा आहे. बेअरिंग आहे. अडीच किलोचं वजन तो मागवून देतोय. तर ८० किलोवालं नक्की केलं. केबलचं मात्र मनातून जात नाही.

कुपवाड_वेल्डर
जाऊही देऊ नका. प्लास्टिकखालची तार बाहेरून दिसत नाही, म्हणून हात लावून बघायची. आठवड्यातनं एकदा केबल सैल करून चिमटीत धरा आणि टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवा. कुठं फुगवटा लागला, कडक गाठ लागली, प्लास्टिकला चीर दिसली, की त्याच दिवशी मशीन बंद. चिकटपट्टी गुंडाळून चालवायचं नाही. तुटते ती बहुतेक टोकाच्या पक्कडीजवळ नाहीतर पुलीवर वळते तिथं, तिथं दोनदा बघा. चांगली दिसली तरी ठरावीक मुदतीनं बदलायची, तारीख मशीनवरच रंगानं लिहून ठेवा. आणि पुरात भिजलेली केबल असेल तर विचारच करायचा नाही. पाणी टोकातनं आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते. तुमच्या त्या माणसाला हे माहीत असायला पाहिजे होतं.

स्टॅक ज्यांच्यावर सरकतो त्या दांड्यांना ग्रीस लावू नका, धूळ धरून त्याची खळ होते. कोरड्या फडक्यानं पुसून सिलिकॉनचा फवारा. बसवताना लेव्हल बाटली ठेवून चारी पाय सारखे करा, नाहीतर स्टॅक एका दांड्याला घासतो आणि पोरांना उगाच वजन जास्त वाटतं.

हरिपूररोड
मी काल ताईंकडे मिरजेला जाऊन तपासून आले. ९० ते ५० अंशांचा टप्पा दिलाय, १० किलो, पंधरा वेळा, आठवड्यातून तीनदा, आणि सोबत खुर्चीवरून उठबस. आमच्या ट्रेनरलाही हा धागा दाखवला, त्यांनी शांतपणे पूर्ण वाचला.

सातारी_धावक
पहिल्या मजल्यावर चढवणार कसं? आमच्याकडे एकदा जिन्यात अडकलं होतं, कठडा कापावा लागला.

कृष्णाकाठ
स्टॅक वेगळा करून आणला. जिना तीन फुटी आहे. प्लेटी एकेक करून भरतीच्या पोरांनी वर नेल्या, सांगाडा चौघांनी उभा करून. लंगडत होता तो पोरगाही होता, सांगाड्याचं पुढचं टोक त्यानेच धरलं. पुढच्या महिन्यात त्याचं मैदान आहे.

भिंतीवर आईने एक पाटी लिहून लावली आहे, कुणाची पाठ कितव्या भोकात ते नावासमोर. तिची पहिलं. काल संध्याकाळपर्यंत सव्वीस नावं झाली. केबलची तारीख लाल रंगाने शाफ्टच्या वर लिहिली आहे, आणि जुन्या केबलचा वीतभर तुकडा पाटीखाली खिळ्याला टांगलाय, म्हणजे चिमटीत काय शोधायचं ते नव्या पोरांना कळेल.

जुनीतालीम
बायकोला घेऊन यायचं म्हणतोय. डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय. किती वाजता गर्दी कमी असते?

कृष्णाकाठ
दुपारी तीनला या काका, आई असतेच. काकूंचं भोक तीच लावून देईल. येताना डॉक्टरांचा कागद तेवढा आणा.